वस्तीची राखण

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. मी गिरणी कामगार. शिक्षण नववीपर्यंत, तेही अर्धवट. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या गेटसभेत आणि कोर्टाच्या बाकड्यावर बसून. समितीने मला विषय दिला होता 'गिरणगावातील चळवळ'. मी अध्यक्षांना म्हटलं, तो विषय पुढच्या वर्षी घ्या, मी काही पळून जात नाही. यंदा मला चोरीवर बोलू द्या. अध्यक्ष हसले. म्हणाले, अहो, वर्धापन दिनाला चोरीवर भाषण? मी म्हटलं, चोराला वर्धापन दिनाचं काय हो!

गेल्या पौर्णिमेची गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आपण इथे वंदनेला बसलो होतो. तेवढ्या दीड तासात मागच्या गल्लीतली दोन घरे फुटली. एका घरातून मुलीच्या लग्नासाठी पै-पै करून केलेले डोरले आणि कानातले गेले. दुसऱ्या घरात काही सापडले नाही, म्हणून गॅसची टाकीच उचलून नेली. त्या माउलीने दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून स्टोव्ह मागून आणला आणि पोरांना डब्बा दिला. त्यानंतरच्या रविवारी बैठक झाली. बैठकीत तीन सूचना आल्या. वस्तीच्या तोंडाला लोखंडी गेट बसवावे. तरुणांनी रात्री काठ्या घेऊन गस्त घालावी. आणि भंगारवाले, फेरीवाले, भटके लोक यांना वस्तीत बंदी करावी, तसा बोर्ड लावावा. पुढच्या बैठकीत ठराव होणार आहे. त्या रविवारी मी गप्प बसलो होतो. का गप्प बसलो ते आज सांगणार आहे, पण जरा पुढे. आधी दुसरे बोलू.

माझा जन्म लोअर परळच्या बीडीडी चाळीतला. एका मजल्यावर वीस खोल्या, मध्ये लांबलचक बोळ, आणि दरवाजे दिवसभर उघडे. चोऱ्या होतच नव्हत्या असे मी म्हणणार नाही. दांडीवरची पॅन्ट जायची, नळावरची पितळेची कळशी जायची. पण घरफोडी ऐकिवात नव्हती. याचे श्रेय कुलपाला नव्हते, ते गिरणीच्या भोंग्याला होते. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. म्हणजे रात्री बारा-साडेबाराला दुसऱ्या पाळीचे लोक जेवायला बसलेले, पहाटे पाचला पहिल्या पाळीवाल्यांच्या घरात स्टोव्ह पेटलेला, आणि दुपारी तिसऱ्या पाळीवाले बोळात चटई टाकून पडलेले. चाळीत चोवीस तास कुणीतरी जागे. कुणी कुणाला राखण करायला सांगितले नव्हते. काम होते म्हणून जाग होती, आणि जाग होती म्हणून राखण होत होती.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यात होते. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे जे झाले त्याचा इतिहास आज सांगत बसत नाही. एवढेच सांगतो की माझ्या वर्गातली दोन मुले टोळीत गेली. त्यातला एक वर्गात गणितात पहिला यायचा. तो पंचविशीच्या आत गोळी लागून मेला. घरात शिजत नव्हते आणि नाक्यावर कुणीतरी रोज पन्नास रुपये देत होते, इतका साधा हिशेब होता. पुढे मीही बदलीवर गिरणीत लागलो. ती गिरणी मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता मी एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीचा वॉचमन आहे. आमचे पणजोबा गावचे वेसकर होते. गावाच्या वेशीवर रात्रभर जागायचे, आणि गावात काही चोरीला गेले की पहिला संशय यांच्यावरच! ज्या महार वतनाच्या बेडीतून समाजाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बिल आणले, त्याच वतनातले हे काम. वतन गेले, आणि पणतू पुन्हा गेटवर बसला. असो.

तर वॉचमन म्हणून सांगतो. आमच्या सोसायटीला दोन गेट आहेत, कॅमेरे आहेत, नाव लिहायची वही आहे. तरीही गेल्या वर्षी दुपारी दोन वाजता पाचव्या मजल्यावर चोरी झाली. शेजारच्या दारातल्या बाई घरी होत्या. त्यांनी खटपट ऐकली. त्यांना वाटले, फर्निचरचे काम चालू असेल. समोर कोण राहते ते त्यांना दोन वर्षांत ठाऊक नव्हते. कॅमेरा पाहिला तर पंधरा दिवसांपूर्वीच बंद पडलेला. गेट माणसाला अडवते, पण गेटच्या आतला माणूस कोण हे गेटला कळत नाही. आपण वर्गणी काढून गेट जरूर बसवा, माझा विरोध नाही. पण त्यावर विसंबून झोपू नका.

आता घराच्या दाराचे बोलू, कारण गिरणीत मी फिटरचे काम केले आहे आणि हे मला कळते. आपल्या बहुतेक घरांना कडी-कोयंडा आहे. बाजारातून पाचशे-हजाराचे कुलूप आणतो, आणि कोयंडा दोन छोट्या स्क्रूंवर लटकलेला असतो. त्या स्क्रूंची डोकी बाहेरून दिसतात. चोर कुलपाला हातही लावत नाही. तो पान्याने कोयंडाच उपसतो. मागच्या गल्लीत दोन्ही घरी हेच झाले, मी जाऊन पाहिले आहे. कोयंड्याला स्क्रूऐवजी आरपार जाणारा बोल्ट घाला आणि नट आतल्या बाजूने आवळा. एका दाराला फार खर्च येत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी मला सांगा, ड्रिल मशीन माझ्याकडे आहे, मजुरी नाही. दुसरे, खिडकीशेजारी आतली कडी असेल तर जाळी बसवा, हात आत जातो. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली, मीटरच्या पेटीवर, चपलेत ठेवायची सवय सोडा. ती जागा चोरालाही माहीत असते. शेजारच्या घरात किल्ली द्या. शेजारी भांडण असेल तर आधी भांडण मिटवा, मग किल्ली द्या. आणि गावाला निघताना मोबाईलवर सगळ्या जगाला फोटो टाकू नका, की आम्ही चाललो, घर रिकामे आहे.

भगिनींनो, आता तुमच्यासाठी. रस्त्यावर गळ्यातले ओढणारे मोटारसायकलवर दोघे येतात, पत्ता विचारतात, हे सगळ्यांना माहीत झाले आहे. पण जे ओढत नाहीत, गोड बोलून काढून घेतात, ते जास्त घातक. दोन प्रकार पुन्हा पुन्हा होतात. एक, साधा माणूस येतो, म्हणतो, पुढे एका शेठला मुलगा झाला आहे, तो गरीब बायकांना साड्या आणि पैसे वाटतो आहे. पण मावशी, अंगावर सोने दिसले तर देणार नाही, काढून पिशवीत ठेवा. तोच ते पुडीत बांधून देतो. घरी येऊन पुडी सोडली की आत खडे. दुसरा, साध्या वेषातला 'पोलीस'. पुढे खून झाला आहे, दागिने घालून कुठे चाललात, रुमालात बांधा. तेच. बायकांनो, खरा पोलीस तुमचे दागिने स्वतःच्या हाताने रुमालात बांधून देत नाही. असे कुणी म्हणाले तर सरळ जवळच्या दुकानात शिरा आणि मोठ्याने विचारा, हे पोलीस आहेत का हो? आवाज चढवायला लाजू नका. आपल्या आया-बहिणी फसतात त्या लोभाने नाही. 'काका-मावशी' म्हणून अदबीने बोललेले आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकलेले असते, त्यामुळे फसतात.

आणि आता तर चोर घरी येतच नाही. तो फोनवर येतो. आपल्यातल्याच एका गृहस्थांची गोष्ट. नाव सांगणार नाही, त्यांची परवानगी घेतली आहे. निवृत्त झाले, फंडाचे पैसे बँकेत आले. एका संध्याकाळी मोबाईलवर मेसेज: मागच्या महिन्याचे लाईट बिल भरले गेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, ताबडतोब या नंबरवर फोन करा. बिल तर भरलेले होते. पण वीज तुटेल, नातवाची परीक्षा आहे, या धास्तीने फोन केला. समोरचा मराठीत बोलला, 'काका' म्हणाला. एक ॲप घ्यायला लावले, दहा रुपये भरायला सांगितले. त्या ॲपमधून त्याला काकांच्या मोबाईलचा पडदा तिकडे दिसत होता. वीस मिनिटांत तीन वेळा मिळून चार लाख गेले. त्यापुढचे ऐका. अकरा दिवस त्यांनी घरात कुणाला सांगितले नाही. बायकोलासुद्धा नाही. लोक हसतील, मुलगा म्हणेल म्हातारा बिघडला. अकराव्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि दार लावून रडले.

अकरा दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले. १९३० हा नंबर पाठ करा. फसवणूक कळली की त्याच मिनिटाला फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात, पुढे पळायच्या आत ते गोठवता येतात. तासाभरात केलेला फोन आणि अकरा दिवसांनी केलेला फोन यात तुमच्या आयुष्याच्या कमाईचा फरक आहे. अलीकडे आणखी एक निघाले आहे. फोनवर चित्रात पोलिसाचा गणवेश दिसतो, तो सांगतो, तुमच्या नावाने पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, पैसे भरा. अशी कोणतीही अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवून द्या. आणि ज्याची फसवणूक झाली त्याला हसू नका. त्या गृहस्थांना आपल्या हसण्याची भीती वाटली, आणि त्या भीतीपायी अकरा दिवस वाया गेले.

एक विषय अवघड आहे, लहान मुले बसली आहेत, तरी बोलतो. आपण पोरींना सांगतो, अंधारात जाऊ नको, अनोळखी माणसाशी बोलू नको. सरकारी आकडे दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणीवाला, बापाचा मित्र. लेकराने एखाद्या घरी जायला नकार दिला, तर त्याला दटावू नका, का ते विचारा. आणि कळले तर 'घरातली गोष्ट घरात' म्हणून दाबू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहीत असून न कळवणे हाही गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हा फोन आहे. नवरा मारतो तेव्हा शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात. हे मी आपल्याच वस्तीत ऐकले आहे. त्या वेळी दार वाजवा. काही सुचत नसेल तर वाटीभर साखर मागा. मारणाऱ्याचा हात खाली येतो.

आता पोलिसांविषयी. मला ठाऊक आहे, पोलीस ठाण्याची पायरी चढायला आपला माणूस घाबरतो. त्याला कारण आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. ते विसरा असे मी कधीच म्हणणार नाही. पण घाबरून दूर राहिलो की आपल्या तक्रारी कागदावरच येत नाहीत, आणि कागदावर नाही ते सरकारदरबारी घडलेलेच नसते. मागच्या गल्लीतल्या गॅसच्या टाकीची तक्रार अजून झालेली नाही. का, तर 'टाकीसाठी कोण जातं'.

म्हणून कायदा माहीत करून घ्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर पोलिसांनी एफ. आय. आर. नोंदवलाच पाहिजे, असे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्याप्रमाणे 'ही आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नाहीच घेतली तक्रार, तर पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांकडे, टपालाने लेखी पाठवा. तिथेही झाले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. बाईला किंवा साठीच्या वरच्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. एकट्याने जाऊ नका, दोघे-तिघे जा, लिहून न्या, पोच घ्या. संकट चालू असेल तर ११२.

आणि पोलीस शत्रूच असतात असेही नाही. इथून भिवंडी काही लांब नाही. १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींनी ते गाव होरपळले होते. नंतर तिथे उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे नावाचे अधिकारी आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. हिंदू, मुसलमान, दुकानदार, यंत्रमाग कामगार आणि पोलीस, सगळे एकत्र बसवले, दंगल नसताना बसवले. गटार, पाणी, भांडण, सगळ्यांवर बोलणे सुरू केले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मी तेव्हा परळमध्ये होतो, आमच्या डोळ्यांसमोर दुकाने पेटली. दोन्ही शहरांत यंत्र एकच, कापूस एकच, माणसेही तीच. तिकडे लोक एकमेकांना नावाने ओळखत होते.

आता बैठकीत मी गप्प का बसलो ते सांगतो.

२०१८ चा जून महिना. सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि गल्लीत खेळणारे पोर उचलून नेतात. खाली लिहिलेले, मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. नंतर कळले, तो कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला प्रचाराचा व्हिडिओ होता. त्याच्या शेवटी पोर परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. आपल्या वस्तीत गस्त सुरू झाली. काठ्या आणल्या. वयाने मोठा म्हणून मला पुढारी केले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

एका रात्री साडेबाराच्या सुमाराला पाण्याच्या टाकीजवळ पोरांनी एक माणूस धरला. खांद्यावर पिशवी, पायात स्लीपर. कुठून आलास विचारले तर त्याला बोलताच येईना. ज, ज, ज, एवढेच. पोरे म्हणाली, नाटक करतो. पहिली थप्पड कुणी मारली ते मी पाहिले नाही. मी एवढेच म्हटले, बांधा रे त्याला, पळून जाईल. दोरी नव्हती. मी घरात गेलो आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली. माझ्या घरची दोरी. त्या दोरीने त्याला विजेच्या खांबाला बांधला, आणि मग तीस-चाळीस माणसे आली.

ज्या आजी तिथे पुढे बसल्या आहेत त्या आल्या नसत्या तर पुढे काय झाले असते ते मला सांगवत नाही. त्या गर्दीत घुसल्या आणि ओरडल्या, मुडद्यांनो, तोतरा आहे तो! माझा भाऊ असाच बोलायचा. पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावला आणि म्हणाल्या, सावकाश बोल बाबा, मला घाई नाही. त्याला 'जालना' म्हणायला किती वेळ लागला! जालन्याचा होता. बाजार समितीत हमाली करायचा. बहीण पलीकडच्या वस्तीत राहत होती, तिचे घर रात्री सापडेना. पिशवीत भाचीसाठी फ्रॉक होता.

त्याचे उजवे मनगट मोडले होते. हमालाचा उजवा हात. मी त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरने विचारले, कसे झाले? त्याने मला पाहिले आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, प, प, पडलो. त्याने आम्हाला वाचवले. प्लॅस्टरचे पैसे मी दिले. पुढे दोनदा बाजारात शोधायला गेलो, तो सापडला नाही. बहिणीनेही खोली सोडली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच जणांना जमावाने ठार केले. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी. भिक्षा मागायला आलेले. मुले पळवणारे समजून आठवडी बाजारात धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारले. पेपर वाचताना माझ्या हातात पेपर धरवेना. राईनपाड्याच्या लोकांच्या ठिकाणी मी होतो. आमच्याकडे एक आजी होत्या, तिकडे त्या वेळी नव्हत्या. आमच्यात आणि त्यांच्यात फरक असला तर एवढाच.

सात वर्षांत हे मी कोणत्याही व्यासपीठावर बोललो नाही. बैठकीत काठ्यांचा विषय निघाला तेव्हा बोलायला हवे होते. बोललो नाही, कारण बोललो असतो तर दोरीचे सांगावे लागले असते.

तरुण मित्रांनो, कायदा काय सांगतो ते ऐका. तुमच्या डोळ्यांसमोर कुणी गंभीर गुन्हा केला तर सामान्य नागरिकालाही त्याला धरता येते. पण विनाकारण वेळ न घालवता, आणि सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचे. धरायचे, मारायचे नाही. संशयावरून तर धरायचेही नाही, ११२ ला फोन करायचा आणि लांबून नजर ठेवायची. जात, धर्म, भाषा, जन्मगाव अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून कुणाचा खून केला तर नव्या न्याय संहितेत त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी आहे. 'मी फक्त दोरी दिली' हे कोर्टात चालत नाही.

आणि तो बोर्ड. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. आईच्या पोटातून आलेले पोर चोर! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्यांच्या आजोबांना पाण्याच्या टाक्यावर बंदी होती, त्यांनी आपल्या वस्तीच्या तोंडाशी 'भटक्यांना बंदी' असा बोर्ड लावायचा? पंचशीलेत अदिन्नादानापासून दूर राहायचे आपण रोज म्हणतो. एखाद्याची इज्जत न देता घेणे हीसुद्धा चोरीच आहे असे मला वाटते. भन्तेजींनी चूक असेल तर सुधारावे.

शिवाय एक विचार करा. पौर्णिमेला साडेसात ते नऊ आपण सगळे विहारात असतो, हे भंगारवाल्याला कुणी सांगितले? मी कुणावर आळ घेत नाही. पण टाकीमागच्या कठड्यावर आपली सात-आठ पोरे रात्री बसतात. सोल्युशन हुंगतात, गोळ्या खातात. आपण तिथून जाताना मान वळवतो. ती पोरे कुणाची आहेत ते आपल्याला माहीत आहे.

दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. भगवंतांनी त्यात महाविजित राजाची गोष्ट सांगितली आहे. राज्यात चोर-दरोडेखोर माजले होते आणि राजाला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहिताने त्याला सांगितले, तू चोरांना मारशील, बांधशील, हाकलशील, तरी उरलेले पुन्हा त्रास देतील. जो शेती करतो त्याला बियाणे दे, जो व्यापार करतो त्याला भांडवल दे, जो चाकरी करतो त्याला पगार दे. राजाने तसे केले, आणि लोक घराची दारे उघडी ठेवून राहू लागले. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमची चाळ आठवली. उघडी दारे, आणि भोंगा. नंतर ते गणितवाले पोर आठवले.

त्या राजासारखे बियाणे-भांडवल वाटायची आपली ऐपत नाही. पण विहाराचा वरचा हॉल रात्री रिकामा असतो. तो अभ्यासिका म्हणून अकरापर्यंत उघडा ठेवला, त्याच्या खिडकीचा दिवा टाकीकडे पडतो. पोरे येतील न येतील, दिवा तर पडेल. मी फिटरचे काम शिकवायला तयार आहे, आपल्यात दोन वायरमन आहेत, एक नळकाम करणारे आहेत. नव्या न्याय संहितेतही सोय आहे, पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि वस्तू परत केली तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. म्हणजे कायदासुद्धा म्हणतो, पहिल्या पायरीवर पोराला परत वळवा.

माझी सूचना अशी आहे. गस्त घाला, पण काठीशिवाय. टॉर्च, शिट्टी आणि मोबाईल. प्रत्येक फेरीत एक तरी पन्नाशीवरचे माणूस आणि जमेल तिथे एक बाई. अनोळखी माणूस दिसला तर पहिला प्रश्न 'कोण रे तू' असा नको, 'कुणाकडे जायचंय?' असा विचारा, आणि त्याला तिथपर्यंत पोहोचवा. चोर असेल तर तो तुमच्या सोबत चार पावलेही येणार नाही. नवीन भाडेकरू आला की पोलिसांकडे माहिती द्या आणि त्याच दिवशी त्याला विहारात चहाला बोलवा. बीटच्या हवालदारांना महिन्यातून एकदा इथे बसवू, मी त्यांच्याशी बोललो आहे, ते हो म्हणाले आहेत.

आणि पौर्णिमेच्या वंदनेला यापुढे प्रत्येक गल्लीतले दोन जण मागे थांबतील. पाळीपाळीने. त्यांची वंदना त्यांनी गल्लीतच म्हणावी.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. गुरुवारी माझी सुट्टी असते, म्हणून गुरुवारी पहिले नाव माझे आहे. आजींनी सोमवार घेतला आहे, त्यांच्या सोबत जायला दोन तरुण हवेत. शनिवारची रात्र अजून रिकामी आहे.

जयभीम.